दोन्ही अर्थांनी वकील : न्यायमूर्ती छागला



मराठीत वकील या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक काळा डगला घालून कोर्टात उभा राहणारा, आणि दुसरा पेशवाईतला, परक्या दरबारात आपल्या राज्याची बाजू मांडणारा. वॉशिंग्टनच्या एम्बसीला आपण वकिलात म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. हे दोन्ही अर्थ एकाच आयुष्यात खरे करणारे गृहस्थ म्हणजे मुंबईचे महमदअली करीम छागला. मधली सतरा वर्षे ते न्यायाधीश होते, आणि त्यांच्याबद्दलचा वाद तिथेच सुरू होतो.

जन्म ३० सप्टेंबर १९००, मुंबईच्या खोजा कुटुंबात. मूळ आडनाव मर्चंट. छागला हे आडनाव त्यांनी पुढे घेतले. झेवियर्स कॉलेजनंतर ते ऑक्सफर्डला इतिहास शिकले आणि १९२२ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. मुंबईला परतल्यावर त्यांनी जिनांच्या चेंबरमध्ये उमेदवारी केली. दोघांचे राजकारणही बरोबरच चालले होते, पण १९२८ च्या नेहरू अहवालावरून ते फाटले. छागलांना तो मान्य होता, जिनांना नव्हता. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात छागला राज्यघटना शिकवत, डॉ. आंबेडकरही तिथेच प्राध्यापक होते.

१९४१ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून मुख्य न्यायाधीश. कायम नेमणुकीचे ते पहिलेच भारतीय. त्यांच्याबरोबर बेंचवर अनेकदा आपले साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर असत. या जोडीचा १९५१ चा नरसू आप्पा माळी निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. मुंबई सरकारने १९४६ मध्ये हिंदूंना दोन बायका करण्यास बंदी घातली होती. मुसलमानांना मोकळीक आणि आम्हालाच बंदी का, असा प्रश्न होता. दोघांनी कायदा उचलून धरला. पण त्याचबरोबर, धर्मावर आधारलेले वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत, असेही म्हटले. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. २०१८ च्या शबरीमला निकालात हार्वर्डमध्ये शिकलेले न्या. धनंजय चंद्रचूड यांनीही ती केली.

याच हायकोर्टात १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. ती देणारे न्या. दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांचेच बॅरिस्टर होते! टिळकांचे कोर्टातले शेवटचे उद्गार कोरलेली शिला १९५६ मध्ये त्याच इमारतीत बसवली, आणि अनावरण मुख्य न्यायाधीश छागलांनी केले. टिळकांना न्याय नाकारला गेला, असे त्यांनी तेव्हा उघड सांगितले. आपल्याच कोर्टाबद्दल असे बोलायला धैर्य लागते.

१९५८ च्या सुरुवातीला मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. छागलांनी चौकशी उघड्यावर घेतली. आत जागा नाही म्हणून बाहेरच्या लोकांसाठी लाउडस्पीकर लावले आणि काही आठवड्यांत काम संपवले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवले. छागला त्या सुमारास विधी आयोगाचे सदस्य होते. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे घेऊ नयेत, अशी शिफारस त्याच आयोगाने केली होती. आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड यांनी पुढे आत्मचरित्रात या विसंगतीवर बोट ठेवले. आम्हाला हा आक्षेप रास्त वाटतो. नुकताच ज्यांच्यामुळे अर्थमंत्री गेला त्यांनी सरकारची मर्जी सांभाळली, असे कोणी म्हणणार नाही. पण शिफारस छागलांसाठी नव्हती, त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी होती. हे पहिल्यांदा घडले असेही नाही. न्यायाधीश असतानाच १९४६ मध्ये ते विजयालक्ष्मी पंडितांच्या शिष्टमंडळातून न्यूयॉर्कला आले होते आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांत मांडण्यात सहभागी होते. दोन तृतीयांश मतांनी भारताचा ठराव संमत झाला.

१९५८ ची अमेरिका म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या आधीची. भारतीयांना वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. काँग्रेसमध्ये मात्र दलीपसिंग सौंद निवडून आले होते. तेही त्याआधी कॅलिफोर्नियातल्या वेस्टमोर्लंड गावात निवडून आलेले न्यायाधीश. छागलांच्या काळातली मोठी घटना ४ मे १९६० ची. महाराष्ट्र राज्य होऊन तीनच दिवस झाले होते. त्या दिवशी अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्याबरोबर पीएल ४८० करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य यायचे होते. तो लाल गहू आठवणारे वाचक आपल्यात असतीलच.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. राजदूत असतानाच छागला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताने नेमलेले न्यायाधीशही होते. सुधीर फडक्यांसारख्या स्वयंसेवकांनी १९५४ मध्ये मुक्त केलेल्या दादरा-नगर हवेलीचा तो खटला, पोर्तुगाल विरुद्ध भारत. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला. नागरिकांच्या येण्याजाण्याचा पोर्तुगालचा हक्क मानला गेला, सैन्याचा नाही, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असे ठरले. छागलांनी वेगळे, विरोधी मत लिहिले. एकाच वेळी सरकारचा दूत आणि न्यायाधीश! नियमात बसणारे असले तरी आम्हाला ते थोडे खटकते.

पुढे लंडनला उच्चायुक्त, मग शिक्षणमंत्री. १९६४ मध्ये काश्मीर प्रश्नावर ते पुन्हा न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत उभे राहिले. नंतर परराष्ट्रमंत्री झाले. १९६७ मध्ये विद्यापीठांचे माध्यम घाईने प्रादेशिक भाषा करण्याला विरोध म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. मराठीचे अभिमानी म्हणून आमचा त्यांच्याशी इथे मतभेद आहे, पण खुर्ची सोडणारे थोडेच.

त्यानंतर सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी पुन्हा काळा डगला चढवला आणि सुप्रीम कोर्टात वकिली सुरू केली. आणीबाणीत ते उघडपणे विरोधात बोलले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन करण्यात आले.

सुट्टीत मुंबईला गेलात तर ओव्हल मैदानासमोरच्या हायकोर्टात टिळकांची शिला पाहता येते. त्याच इमारतीत छागलांचा पुतळाही आहे.