लढवय्या कोणी घडवला? : फायटर माशाचा इतिहास

१/
मत्स्यालयाच्या दुकानात लहान बरण्यांत एकेकटे ठेवलेले 'फायटर' मासे आपण पाहिले असतील. दोन नर एकत्र आले की एकमेकांवर तुटून पडतात, म्हणून ही व्यवस्था. हा भांडखोरपणा जन्मजात आहे, असे आपण सहज मानतो. इतिहास मात्र थोडी निराळी हकिकत सांगतो. त्यासाठी सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला जावे लागेल.

२/
थाई भाषेत या माशाला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. भातखाचरांतील उथळ, संथ पाणी हे त्याचे मूळ घर. पृष्ठभागावर येऊन तो हवेतून श्वास घेऊ शकतो. नर बुडबुड्यांचे घरटे बांधून अंडी राखतो. दुसरा नर जवळ आला की पर पसरून, कल्ल्यांची झाकणे फुगवून तो त्याला धमकावतो. उघड्या पाण्यात हे भांडण सहसा लवकर मिटते, कारण हरणाऱ्याला पळून जाण्यास वाट असते.

३/
माणसाने नेमकी हीच वाट बंद केली. झुंजीसाठी दोन नर एका लहानशा पात्रात सोडले जात आणि त्यांच्यावर पैजा लागत. जो आधी माघार घेई, तो हरे. साहजिकच, जो चिवटपणे टिकून राही त्याचीच पुढे पैदास केली जाई. म्हणजे निवड केवळ ताकदीची होत नव्हती. माघार न घेण्याच्या वृत्तीचीही होत होती.

४/
ही निवड किती जुनी? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसाने हा मासा किमान ४०० वर्षांपूर्वी पाळीव केला. तेव्हा सयामची राजधानी अयुथ्या होती. आपल्याकडे तो काळ शिवपूर्वकाळाचा. एक चिमुकला मासा इतक्या पिढ्या माणसाच्या पैजेसाठी वाढवला गेला.

५/
आता एक लिखित साधन पाहू. थिओडोर कँटर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॅनिश डॉक्टर. १८४९ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची मलाया प्रदेशातील माशांची सूची छापली गेली. आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जाणारा मासा, सयामी लोकांच्या पैजा, झुंजींच्या परवान्यांतून राजाला मिळणारे उत्पन्न, हे सारे तीत येते.

६/
त्याच नोंदीत एक महत्त्वाचे विधान आहे: झुंजीसाठी पाळला जाणारा मासा हा त्याच हेतूने जोपासलेला कृत्रिम प्रकार आहे. जनुकीय अभ्यासाच्या पावणेदोनशे वर्षे आधी 'लढवय्या घडवला जातो' हे कागदावर आले होते.

७/
नावाचा गोंधळ तर याहून रंजक. कँटर यांनी 'प्युग्नॅक्स', म्हणजे 'भांडखोर', हे लॅटिन नाव योजले. पण ते शास्त्रीयदृष्ट्या पेनांगच्या ओढ्यांतील एका वेगळ्याच रानटी जातीला लागू झाले. त्या जातीचा नर अंडी चक्क तोंडात सांभाळतो! १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी सयामच्या झुंजार माशाला स्वतंत्र नाव दिले: 'बेट्टा स्प्लेंडेन्स'. स्प्लेंडेन्स म्हणजे तेजस्वी. 'भांडखोर' हा शिक्का अशा रीतीने दुसऱ्याच्याच कपाळी बसला.

८/
हा प्रश्न माशांपुरता राहत नाही. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी आपल्या टाक्यांतील माशांच्या झुंजी बारकाईने पाहिल्या. १९६३ च्या आक्रमकतेवरील ग्रंथात त्यांनी मासे व इतर प्राण्यांवरून थेट माणसापर्यंत निष्कर्ष नेले: आक्रमकता ही उपजत प्रेरणा आहे आणि ती आतून साचत जाते. १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हा सिद्धांत वादग्रस्तच राहिला. त्यांनी १९३८ मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले होते, हेही विसरून चालणार नाही.

९/
१९८६ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे विविध देशांच्या शास्त्रज्ञांनी निवेदन काढले: युद्ध माणसाच्या जनुकांत लिहिलेले आहे, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे. युनेस्कोने पुढे ते स्वीकारले.

१०/
२०१९ मध्ये थायलंडने या माशाला राष्ट्रीय जलचर घोषित केले. त्याचा स्वभाव खोटा नाही. घरट्यासाठी तो लढतोच. पण जवळची भिंत, बंद झालेली वाट आणि माघारीला पराभव ठरवणारा नियम, हे सारे माणसाचे. कोणाला 'स्वभावतःच लढाऊ' म्हटलेले वाचाल, मग तो मासा असो, जमात असो वा राष्ट्र, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: पात्र कोणी आणले, आणि पैज कोणी लावली?