नरक्या : रानातले झाड आणि कर्करोगाचे औषध

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या रानात नरक्या नावाचा लहानसा वृक्ष आढळतो. फुलांच्या दुर्गंधीमुळे त्यास हे नाव पडले. कर्करोगावरील औषधांच्या इतिहासात मात्र त्याला मानाचे स्थान आहे, हे जुन्नर-आंबेगावच्या आपल्या कुटुंबांत फार थोड्यांना ठाऊक असेल.

ह्या इतिहासाचा आरंभ युद्धात झाला. मस्टर्ड वायू रक्तातील पांढऱ्या पेशींचा नाश करतो, हे ध्यानी आल्यावर त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड 1942 साली अमेरिकेत एका रुग्णास देण्यात आले. मारण्यासाठी शोधलेले विष तारण्यासाठी वापरले गेले! सदाफुलीपासूनची औषधे पुढच्या दोन दशकांत आली. ती पेशीला दुभंगूच देत नाहीत.

नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल ह्या शास्त्रज्ञांनी 1966 साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. तेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, हे 1972 साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी दाखवून दिले. परंतु पहिल्या चाचण्यांत रुग्णांना इतका त्रास झाला की त्या थांबवाव्या लागल्या.

1985 साली त्याच्या कार्याचे मर्म उलगडले. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएचा पीळ सुटावा लागतो. त्यासाठी एक विकर त्याचा एक धागा कापते आणि पीळ सोडवून पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन हा सांधा जुळू देत नाही. तुटक्या धाग्यानिशी दुभंगू पाहणारी पेशी मरते. केसांच्या मुळांतील पेशीही झपाट्याने वाढतात, म्हणून रुग्णाचे केस गळतात. ह्या द्रव्यात फेरफार करून घडविलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान ह्या औषधांना अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात.

"ते तर विषच," असे म्हणून उपचार अर्ध्यावर सोडणारे रुग्ण मला भेटतात. विष आहे खरेच. पण ते मोजून, रक्त तपासून दिले जाते. ह्याउलट झाडपाला म्हणून नरक्याची साल घरी उगाळून घेणे जिवावर बेतू शकते.

मुळांत व सालीत हे द्रव्य असल्याने व्यापारासाठी सह्याद्रीतील कितीतरी झाडे मुळासकट गेली. भीमाशंकरचे रान 1985 पासून अभयारण्य आहे. तिथला नरक्या तोडायला कोणी मजुरी देऊ केली, तर ती आपण नाकारावी आणि वनखात्यास कळवावे.