चोरपावलांची वर्दी

जुना खेळ पुन्हा उघडताना मनात बहुधा वस्तुसंग्रहालयात शिरणाऱ्याची भावना असते. काचेआडची जीर्ण तलवार आपण कौतुकाने न्याहाळतो, परंतु तिच्या पात्यावर बोट फिरवून पाहावे असे काही वाटत नाही. १९८१ साली मॅल्कम इव्हान्स या इंग्रज प्रोग्रामरने रचलेला आणि पुढील वर्षाच्या आरंभी जे. के. ग्रे सॉफ्टवेअर या छोट्याशा संस्थेने कॅसेटवर विक्रीस काढलेला ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ परवा रात्री मी याच भावनेने, मूळ यंत्राची नक्कल करणाऱ्या एका आधुनिक प्रणालीच्या साहाय्याने, उघडला; आणि पावले जवळ येत असल्याची एक ओळ पडद्याच्या तळाशी उमटताच कळीवरचे माझे बोट जागच्या जागी थबकले, तेव्हा ध्यानात आले की या तलवारीची धार अद्याप शाबूत आहे.

ती ज्या भट्टीत घडली ती भट्टी मात्र विलक्षण दरिद्री होती. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने मार्च १९८१ मध्ये बाजारात आणलेला ‘झेडएक्स ८१’ हा संगणक तयार स्थितीत ६९.९५ पौंडांना, आणि सुटे भाग नेऊन घरी जोडणाऱ्यास ४९.९५ पौंडांना मिळे. त्याला रंग ठाऊक नव्हते, आवाज नव्हता, आणि त्याच्या अंगची स्मृती अवघी १ किलोबाइट होती. हा खेळ चालवावयाचा तर पाठीमागे १६ किलोबाइटांची जादा स्मृतीची डबी लावावी लागे. आणि ती डबी खाचेत इतकी सैल बसे की कळ जरा जोराने दाबली गेली तरी डळमळून सारा डाव पुसून जाई, व कॅसेट पुन्हा लावून कित्येक मिनिटे तिष्ठत बसण्यावाचून गत्यंतर नसे. अक्षरांचे ३२ स्तंभ आणि २४ ओळी मावणाऱ्या त्या पडद्यावर चित्र काढावयाचे म्हणजे ओबडधोबड ठोकळे शेजारीशेजारी मांडावयाचे. आणि अशा ठोकळ्यांतून, खेळणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यांनी दिसावी अशी, दूर जाता जाता निमुळती होणारी वाट उभी करणे, हे त्या काळी लहान साहस नव्हते.

खेळाच्या आरंभी सर्कशीच्या तंबूबाहेर उभा असावा तसा एक विदूषक ‘टायरॅनोसॉरस रेक्स’ या प्राचीन महाकाय डायनोसॉरच्या दर्शनाला या, अशी साद घालतो, आणि हा खेळ दुर्बळ मनाच्या माणसांसाठी नव्हे, अशी व्यवस्थापनातर्फे ताकीदही देतो. मग आपण १६ बाय १८ घरांच्या एका भूलभुलैयात येऊन पडतो. त्याची रचना प्रत्येक डावात नव्याने होते, सबब मागील डावाचे पाठांतर येथे कामास येत नाही. पुढे जाणे, डावीकडे वळणे आणि उजवीकडे वळणे, एवढेच काय ते आपले सामर्थ्य. हाती शस्त्र नाही, लपावयास आडोसा नाही, आणि सुटकेचा दरवाजा कोठे तरी एकच आहे.

परंतु या खेळाची खरी कारागिरी त्या तळच्या ओळीत आहे. ज्या यंत्राला वाचाच नाही त्यातून शिकाऱ्याची चाहूल ऐकवावयाची कशी, या पेचातून भाषेच्या आश्रयाने वाट काढलेली दिसते. तो दबा धरून बसला आहे, तो तुमच्या शोधात निघाला आहे, पावले जवळ येत आहेत, त्याने तुम्हांस पाहिले आहे, पळा: अशा मोजक्या शब्दांत ती ओळ बदलत जाते, आणि जासुदाने आणलेल्या वर्दीसारखी शत्रू किती नजीक आला एवढेच सांगते, तो कोणत्या वळणाआड आहे, हे अगदी अखेरच्या क्षणापर्यंत सांगत नाही. कळणे आणि दिसणे यांमध्ये जे अंतर उरते, त्यातच भयाचा अंमल चालतो. तो ठोकळ्यांचा प्राणी आधीच समोर उभा केला असता, तर पाहणाऱ्याने त्याचे दात मोजले असते. वर्दी आधी आल्यामुळे तो प्रथम आपल्या कल्पनेत वाढतो, आणि कल्पनेच्या स्मृतीला किलोबाइटांची मर्यादा नसते.

एका लांब वाटेच्या टोकाशी मला तो प्रथम दिसला तेव्हा पांढऱ्या पडद्यावरचा तो केवळ एक काळसर डाग होता. पाहता पाहता त्या डागाला पाय फुटले, एक पाय पुढे, मग दुसरा. आवाज नव्हताच, पण पायांची ती आलटापालट मला जणू ऐकू येत होती. मी वळू लागलो, आणि वळणाऱ्याची पाठ शत्रूकडे होते हा जुना नियम तेव्हा अंगावर काटा आणून समजला. पुन्हा समोर पाहिले तेव्हा पडदाभर जबडा होता.

पुढे १९९३ च्या ‘डूम’सारख्या खेळांनी राक्षसांना रंग, आवाज व वेग दिला, आणि खेळणाऱ्याच्या हाती बंदूकही दिली, भयाची जागा तेव्हा बव्हंशी पराक्रमाने घेतली. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१० साली ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ प्रसिद्ध केला, त्यात मात्र हात पुन्हा रिकामे झाले, आणि राक्षसाकडे पाहत राहणे हेच नायकाच्या मनाला घातक ठरवले गेले. विपुल साधने हाती असलेल्या कारागिरांनीही अखेर दर्शन आखडतेच घ्यावे, यात त्या दरिद्री यंत्राच्या शहाणपणाला मिळालेली पावती मला दिसते.

रेक्सच्या तोंडी पडलेल्याला खेळ शिक्षा फर्मावतो: त्याने सदैव याच भूलभुलैयात भटकत राहावे, आणि अपील करावयाचे असल्यास त्यासाठी एक कळही नेमून दिलेली आहे. मी अपिलाच्या वाटेस गेलो नाही. पुन्हा आत आलो तेव्हा भिंती नव्या होत्या, वाटा नव्या होत्या, समोर कोणीही नव्हते. आणि पडद्याच्या तळाशी पहिली वर्दी येऊन थांबली होती, की तो दबा धरून बसला आहे.