राल्फ फिच आणि दोन चौल : एका प्रवासवर्णनाची साधनचिकित्सा

कुंडलिका खाडीच्या मुखाशी सोळाव्या शतकात चौल नावाची दोन नगरे एकमेकांशेजारी नांदत होती. समुद्रालगतचे खालचे चौल, म्हणजे आजचा रेवदंडा, पोर्तुगीजांचे. तर खाडीच्या आत असलेले वरचे चौल अहमदनगरच्या निजामशाहीचे. इंग्रज प्रवासी राल्फ फिच नोव्हेंबर १५८३ मध्ये येथे आला. एक शहर तटबंदीचे व बंदरावर हुकमत गाजविणारे, दुसरे मुसलमान राजाच्या अंमलाखालील, हे त्याचे वर्णन चौलच्या इतिहासलेखनात प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून वापरले जाते. तथापि हा पुरावा कितपत स्वतंत्र आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

फिच हा त्या वेळी मुक्त प्रवासी नव्हता. होर्मुझ येथे हेरगिरीच्या संशयावरून पोर्तुगीजांनी त्याला व त्याच्या सोबत्यांना अटक केली होती आणि कैदी म्हणून त्यांची गोव्याकडे रवानगी चालली होती. अशा माणसाला पोर्तुगीज तटाबाहेर पडून निजामशाही शहराच्या बाजारपेठेत हिंडण्याची मुभा मिळाली असेल, असे मानणे कठीण आहे.

मग वर्णन आले कोठून? व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची १५६३ ते १५८१ या काळात पूर्वेकडे फिरला. त्याचे वृत्त १५८७ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. फिच १५९१ मध्ये मायदेशी परतला आणि त्याचा वृत्तांत हॅक्लूटच्या संग्रहात त्यानंतर छापला गेला. पेगूविषयीच्या मजकुरात फिचने फेदेरिचीचा मुक्तहस्ते उपयोग केल्याचे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. चौलच्या परिच्छेदातही दोन शहरांची मांडणी, मसाले, औषधी, रेशीम, चंदन, चिनी भांडी ही मालाची यादी आणि त्यानंतर येणारी माडाची स्तुती हा क्रम बव्हंशी तोच आहे.

निर्णायक ठरते ती एक समाईक चूक. दोघेही नारळाच्या फळापासून साखर होते असे लिहितात. वस्तुतः माडाचा गूळ पोयीतून काढलेल्या रसाचा होतो, खोबऱ्याचा नव्हे. कोकणातील कोणत्याही भंडाऱ्याने हे सांगितले असते. शिवाय हा गूळ व नारळ कोचीन आणि कण्णूर येथून दरवर्षी जहाजांनी येतात, असे फेदेरिची स्पष्ट नोंदवितो. फिचने संक्षेप करताना तेवढेच गाळले. परिणामी केवळ फिच वाचणाऱ्यास हे उत्पादन चौलचेच वाटू शकते. स्थानिक आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने ही हानी किरकोळ नाही.

फेदेरिचीचा एक महत्त्वाचा तपशीलही फिचकडे उरत नाही. युद्धकाळात मोठी जहाजे वरच्या चौलला पोहोचू शकत नसत, कारण त्यांना पोर्तुगीज तोफांसमोरूनच जावे लागे. दोन शहरांमधील खरा भेद धर्माचा वा राहणीचा नसून खाडीच्या मुखावरील ताब्याचा होता, हे या एका वाक्यातून जितके कळते तितके फिचच्या संपूर्ण परिच्छेदातून कळत नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने खालच्या चौलला वेढा घातला होता. अवघ्या बारा वर्षांनी आलेला फिच त्याविषयी मौन पाळतो.

गाईची पूजा, शेणाने सारवलेल्या भिंती, विधवांचे केशवपन हा भाग मात्र फेदेरिचीच्या चौलवर्णनात नाही. तो फिचच्या स्वतःच्या निरीक्षणाचा असू शकेल. पण येथेही सावधगिरी हवी. लोक मांस खात नाहीत, उवाही मारीत नाहीत, असे सांगता सांगता तो खंबायतच्या पांजरपोळांकडे व मुंग्यांना अन्न घालण्याकडे वळतो. मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्याचे हे चित्र नव्हे; गुजरातच्या जैन-वैष्णव वणिकांचे आहे. अशा व्यापाऱ्यांची वस्ती चौलमध्ये असणे शक्य आहे, परंतु त्यांच्यावरून सबंध नगराच्या आहाराचे अनुमान काढता येत नाही.

तेव्हा चौलच्या व्यापाराविषयी फिच आणि फेदेरिची यांना परस्परांस पुष्टी देणारे दोन साक्षीदार म्हणून उद्धृत करण्याची पद्धत सोडावी लागेल. मालाच्या यादीपुरता साक्षीदार एकच आहे, आणि तोही १५८३ पूर्वीचा.