प्रायोजक : एका शब्दाचा आणि एका व्यवहाराचा इतिहास

काही वर्षांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी एक पत्र घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले होते. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधावयाच्या शर्यतगाडीसाठी त्यांना कारखानदारांचे साहाय्य मिळवावयाचे होते. इंग्रजी पत्र तयार होते; परंतु भोसरी-चाकणकडील लहान कारखान्यांचे मालक मराठी पत्र अधिक आस्थेने वाचतील असे त्यांना वाटत होते, आणि ते वाटणे योग्यच होते. मराठी मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदात ‘देणगी’ हा शब्द होता, दुसऱ्यात ‘प्रायोजकत्व’, आणि सह्यांच्या वर ‘आपला उदार आश्रय’. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द होता. शैलीचा दोष म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. तथापि त्याच इंग्रजी पत्राची एक प्रत पूर्वी एका मोठ्या कंपनीकडे गेली होती आणि तिला उत्तर म्हणून एक प्रश्न आला होता : ही रक्कम आम्ही कोणत्या खात्यावर खर्ची घालावी? त्याचे उत्तर विद्यार्थ्यांपाशी नव्हते. पत्रव्यवहारात तीन महिने गेले आणि त्या वर्षी गाडी स्पर्धेस गेली नाही. तीन शब्दांचा घोटाळा व तो प्रश्न या वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजी ‘स्पॉन्सर’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘स्पोन्देरे’, म्हणजे विधिपूर्वक वचन देणे, या धातूत आहे. रोमन कायद्यात एकाने ‘वचन देतोस काय?’ असे विचारावयाचे व दुसऱ्याने ‘देतो’ म्हणावयाचे, एवढ्या तोंडी विधीने ऋण बंधनकारक होत असे. ऋणकोच्या बाजूने उभा राहून जो तिसरा मनुष्य हेच उत्तर देई, तो ‘स्पॉन्सर’. लेक्स फुरिया या कायद्याने इटलीतील अशा मनुष्याची जबाबदारी दोन वर्षांनी संपत असे, आणि असे अनेक जण असल्यास ती त्यांच्यात वाटली जाई. पुढे इ. स. २०० च्या सुमारास तेर्तुल्लियन हा ख्रिस्ती ग्रंथकार बाप्तिस्म्याच्या वेळी लहान मुलाच्या वतीने वचन देणाऱ्यांना हाच शब्द लावतो. मूल पुढे वाईट निघाले तर या बिचाऱ्यांच्या वचनाचे काय, अशी चिंताही तो व्यक्त करतो. पैसे देणे हा अर्थ येथवर कोठेही नाही. दुसऱ्याच्या भावी वर्तनाबद्दल आपली पत पणास लावणे, हा आहे. कार्यक्रमाचा खर्च सोसून त्याबदल्यात आपले नाव घेववणारा जाहिरातदार हा अर्थ विसाव्या शतकात अमेरिकन रेडिओच्या आरंभीच्या दशकांत रूढ झाला.

रोमन ‘स्पॉन्सर’ला आपल्याकडील खरा प्रतिशब्द ‘जामीन’ हा होय. अरबीतून फारसीमार्फत आलेला हा शब्द मराठी कागदपत्रांत इतका मुरला आहे की ‘जामीनकतबा’ म्हणताना तो परका वाटत नाही. ‘प्रायोजक’ हा मात्र अलीकडचा. ‘आयोजक’ला ‘प्र’ जोडल्यासारखी त्याची घडण दिसते, आणि दूरदर्शनवरील ‘प्रायोजित’ कार्यक्रमांनी १९८० नंतरच्या दशकात तो घरोघर पोहोचविला. त्याचा जवळचा आप्त ‘प्रयोजक’ हा व्याकरणातला जुना शब्द आहे. करणाऱ्याला करावयास लावणारा तो प्रयोजक, आणि पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.५५) त्याला ‘हेतू’ ही संज्ञा देताना त्याचे कर्तेपणही कायम ठेवले आहे. विद्यार्थी गाडी बांधतात, कारखानदार ती त्यांच्याकडून बांधवतो. व्याकरणदृष्ट्या दोघेही कर्ते. प्रत्यक्षात मात्र कारखानदाराच्या दारात चार-चार खेपा घालून त्याला हलविणारे विद्यार्थीच असतात, तेव्हा खरा प्रयोजक कोण हा प्रश्न वैयाकरणांनीच सोडवावा.

आता व्यवहाराकडे वळू. मोटारशर्यतीत गाडीवर व्यापारी नाव असणे आज इतके स्वाभाविक वाटते की ते तसे नव्हते याचा विसर पडतो. युरोपातील मोठ्या शर्यतींत दीर्घकाळ गाडीचा रंग राष्ट्राचा असे : इंग्लंडचा हिरवा, इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा रुपेरी. खर्चाचा मोठा वाटा तेल व टायर यांचे उत्पादक उचलीत, आणि त्यांची लहानशी चिन्हे गाडीवर असत. परंतु त्या कंपन्या शर्यतीच्या धंद्यातल्याच होत्या. आपले तेल त्या इंजिनात टिकते की नाही हे त्यांनाही पाहावयाचे असे, म्हणजे काही अंशी त्या जामीनच होत्या. त्यांनी हात आखडता घेतल्यावर १९६८ मध्ये बाहेरच्या जाहिरातींना मुभा मिळाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत गन्स्टन या सिगारेटच्या रंगातील गाड्या धावल्या, आणि १२ मे रोजी स्पेनमधील हारामा येथे ग्रॅहम हिलने गोल्ड लीफ सिगारेटच्या तांबड्या-पांढऱ्या-सोनेरी रंगातील लोटस गाडीतून शर्यत जिंकली. लोटसचा हिरवा रंग गेला. तंबाखूच्या कारखानदाराला गाडीच्या धुऱ्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याला पाहणाऱ्याचे डोळे हवे होते. जामिनाच्या जागी येथे गिऱ्हाईक आले.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचा उगम या घटनेनंतर दहा-अकरा वर्षांनी व अगदी वेगळ्या वातावरणात झाला. १९७९ साली ह्यूस्टन विद्यापीठात कर्ट मार्शेक यांनी ‘मिनी-इंडी’ नावाची स्पर्धा भरविली. एका लोकप्रिय मासिकात आलेल्या लाकडी गाडीच्या कृतीवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. सर्व संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे पाच अश्वशक्तीचे एकच ठरावीक इंजिन वापरावयाचे होते. पुढील वर्षी ही स्पर्धा भरविण्यास कोणी पुढे आले नाही. तेव्हा ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठातील काही विद्यार्थी रॉन मॅथ्यूज या आपल्या प्राध्यापकांकडे गेले. नियम शक्य तितके थोडे ठेवावयाचे, इंजिन निवडण्याची मोकळीक द्यावयाची, आणि शक्ती आटोक्यात राहावी म्हणून इंजिनात शिरणाऱ्या हवेची वाट अरुंद करावयाची, असे ठरले. आज पेट्रोल-गाडीसाठी ती वाट २० मिलिमीटर व्यासाची असते. यातून ‘फॉर्म्युला एसएई’ ही स्पर्धा जन्मास आली.

या बदलाचा तांत्रिक परिणाम सर्वजण सांगतात. आर्थिक परिणामाकडे फारसे कोणी पाहत नाही. इंजिन एकच व गाडी लाकडी असेपर्यंत महाविद्यालयाच्या कर्मशाळेतच सारे भागत असावे. मोकळीक मिळताच मोटारसायकलचे इंजिन आले, अॅल्युमिनिअम आले, कार्बन-तंतू आले. आणि मोकळीकीची किंमत भागविण्यासाठी बाहेरच्या माणसाकडे जाणे ओघानेच आले. १९९१ पासून तीन वर्षे जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर यांनी पाळीपाळीने स्पर्धेचे यजमानपद घेतले. त्यांना डोळे नको होते, अभियंते हवे होते. इंग्लंडात १९९८ मध्ये व जर्मनीत २००६ मध्ये या स्पर्धेची रोपे लागली. जर्मन स्पर्धा होते ती होकेनहाइमच्या मार्गावर. ७ एप्रिल १९६८ रोजी तेथेच जिम क्लार्क मृत्यू पावला, आणि त्याच्या गाडीचा रंग गोल्ड लीफचा होता. भारतात ‘सुप्रा’ ही स्पर्धा २०११ मध्ये सुरू झाली. ‘फॉर्म्युला भारत’ कोईमतूरजवळच्या मार्गावर भरत आली आहे.

या स्पर्धेच्या गुणपद्धतीत एक गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. एकूण १००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी जागची न हलता मिळतात : रचनेस १५०, उत्पादनखर्चास १०० आणि व्यवसाय-सादरीकरणास ७५. हौशी चालकासाठी गाडी काढू इच्छिणाऱ्या एका काल्पनिक कारखान्यापुढे विद्यार्थ्यांनी आपली योजना मांडावयाची असते. खर्चाच्या हिशोबात फुकट मिळालेला भागही फुकट धरीत नाहीत, त्याची किंमत मांडावीच लागते. म्हणजे परीक्षकांच्या लेखी देणगी अस्तित्वातच नाही. काल्पनिक व्यवसायाचा असा काटेकोर हिशोब शिकविणारी स्पर्धा खऱ्या पैशाच्या याचनेबद्दल मात्र मुकी आहे. ती विद्या प्रत्येक संघ आपल्या मागच्या तुकडीच्या जुन्या पत्रावरून शिकतो, आणि चुकाही तेथूनच उचलतो.

दान आणि जाहिरात यांतील सीमा कोणी आखली? ती अर्थशास्त्राने नव्हे, तर करवसुलीने आखली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या करखात्याने असा निर्णय दिला की, कॉटन बोल या फुटबॉल-सामन्याच्या संस्थेस मोबिल तेलकंपनीने दिलेले पैसे हे दान नसून जाहिरातीची किंमत आहे, सबब ते करपात्र आहेत. विद्यापीठे व धर्मादाय संस्था हादरल्या. अखेर १९९७ च्या कायद्याने तोड काढली. देणाऱ्याचे नाव व बोधचिन्ह झळकविणे हा केवळ आभाराचा उच्चार, म्हणून करमुक्त. परंतु त्याच्या मालाची तुलना केली, किंमत सांगितली किंवा ‘घ्या’ असे सुचविले की ती जाहिरात. भाषाभ्यासकाने या कलमाकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडेच. एकाच रकमेचे स्वरूप येथे नामाने बदलत नाही, ते विशेषणाने व आज्ञार्थाने बदलते. ‘अमुक कंपनीचे आभार’ हे वाक्य दान राहते. ‘अमुक कंपनीचे उत्तम तेल वापरा’ म्हणताच विक्री होते.

आपल्याकडील कायद्याने हीच रेषा देणाऱ्याच्या बाजूने ओढली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक दायित्वापोटी खर्च करावे लागतात, आणि शिक्षणास साहाय्य हे त्यांतील एक मान्य कार्य आहे. परंतु जून २०१४ च्या परिपत्रकाने जाहिराती व कार्यक्रमांचे प्रायोजन यांना त्यातून वगळले, आणि जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनी स्पष्टच म्हटले की, आपल्या मालाच्या विपणनाचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजनाच्या रूपाने दिलेले साहाय्य या खर्चात धरता येणार नाही.

आता त्या विद्यार्थ्यांचे पत्र पुन्हा वाचावे. पहिल्या परिच्छेदात देणगी मागून ते कंपनीच्या सामाजिक दायित्वाला हाक घालतात. दुसऱ्यात गाडीच्या नाकावरील जागेचा दर सांगून, इतके प्रेक्षक आपले चिन्ह पाहतील असे आश्वासन देऊन, तो हक्क स्वतःच बुडवितात. कंपनीच्या हिशोबनिसाने विचारलेला प्रश्न लहरी नव्हता. पत्र वाचल्यावर दुसरा कोणताही प्रश्न विचारणे त्याला शक्य नव्हते. रागावण्याचे कारण एवढेच की, त्याने तो पहिल्या आठवड्यात विचारला नाही.

पुढच्या हंगामासाठी आम्ही एका पत्राची तीन पत्रे केली. शिक्षणासाठी साहाय्य मागणाऱ्या पत्रातून गाडीवरील जागेचा उल्लेख काढला. प्रसिद्धी-विभागाला जावयाच्या पत्रातून ‘देणगी’, ‘उदार’ व ‘ऋणी’ हे शब्द काढले आणि दर ठळक केले. तिसरे लहान कारखानदारांसाठी होते, आणि तेच लिहिणे सर्वांत अवघड गेले. त्यांच्यापाशी दोन टक्क्यांचा निधी नसतो व जाहिरातीचे अंदाजपत्रकही नसते. असते ते लेथ, रात्रपाळीनंतरचे मोकळे तास आणि उरलेला माल. त्यांच्याकडे नेमके काय मागावयाचे याला मराठी शब्द सापडेना. शेवटी कोणतेही नाम न वापरता भागाचे रेखाचित्र, धातूची जात, नगांची संख्या व हवी ती तारीख, एवढेच लिहिले.

भोसरीच्या एका मालकाने चार हब कातून दिले. गाडीवर नाव कोठे लावावे असे मुलांनी विचारले तेव्हा त्याने नको म्हटले. बावीस किलोमीटरच्या शेवटच्या शर्यतीनंतर ते जॉब तसेच्या तसे परत आणून दाखवा, एवढी अट घातली. मुले गेली. त्याने चारही जॉब हातात फिरवून पाहिले, एकावर बेअरिंगच्या बैठकीजवळ घासल्याची खूण होती ती बोटाने दाखविली, आणि पुढच्या वेळी तेथे माप किती ठेवावे ते त्यांच्याच रेखाचित्रावर पेन्सिलीने लिहून दिले.