पाहुणे कलाकार

आमच्या वरठीला रेल्वे स्टेशन आहे, पण त्या स्टेशनाच्या नशिबी वरठी हे नाव नाही. पाटीवर 'भंडारा रोड'. नवखा प्रवासी उतरतो आणि विचारतो, "भंडारा आलं का?" आम्ही सांगतो, "नाव आलं, गाव यायचं आहे." तेव्हा दुसरीकडची असामी आपल्या दारात उभी असण्याचं नवल निदान वरठीकराला तरी वाटू नये.

तरी मला परवा वाटलं. चिरंजीव मित्राकडून मागून आणलेल्या यंत्रावर व्हिडिओ गेम खेळत होते. पडद्यावर लाल टोपीचा मिशाळ मारिओ आणि निळा काटेरी सोनिक एकमेकांना बदडत होते. मारिओ निन्टेंडो कंपनीचा, सोनिक सेगा कंपनीचा, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. मी पडलो बी.कॉम. मारामारीत कोण जिंकलं यापेक्षा नोंद कोणाच्या खात्यात, हा प्रश्न मला आधी पडतो.

चिरंजीवांनी इतिहास सांगितला. मारिओ प्रथम दिसला 1981 साली, 'डाँकी काँग'मध्ये, माकडाने सोडलेली पिंपं चुकवत उड्या मारताना. पुढे तो मोठा झाला, पण 1987 च्या मुष्टियुद्धाच्या खेळात निमूट पंच म्हणून उभा राहिला. म्हणजे डेप्युटेशनच! 1999 साली निन्टेंडोने आपल्या वेगवेगळ्या खेळांतले बारा गडी एकाच आखाड्यात उतरवले. इथवर सगळा घरचाच व्यवहार, एका शाखेतून दुसऱ्या शाखेत.

सोनिकची गोष्ट वेगळी. त्याला सेगाने 1991 साली आणलं तेच मारिओला टक्कर द्यायला. दहा वर्षं दोघांचं हाडवैर. मग 2001 साली सेगाने घरगुती खेळाची यंत्रं बनवणंच सोडलं, आणि त्याच वर्षी सोनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. 2007 साली दोघे एकाच ऑलिंपिकच्या खेळात उतरले आणि 2008 साली सोनिक थेट त्या आखाड्यात दाखल झाला.

"यात का नवल हाय?" आई वाती वळता वळता म्हणाली. "आपला मारोती नाई का भीमाले भेटला?"

मी चाट पडलो. खरंच की! रामायणात समुद्र ओलांडणारा मारुती महाभारताच्या वनपर्वात येतो, आणि करतो काय? वाटेत शेपटी टाकून बसतो. भीमाला ती हलत नाही. मारुतीने तिथे लंका जाळली नाही की द्रोणागिरी उचलला नाही. दुसऱ्याच्या घरी आपण पाहुणे, हे त्याला पक्कं ठाऊक. रामाचा जांबवंतही असाच स्यमंतक मण्यापायी कृष्णाच्या गोष्टीत शिरला. आधी कुस्ती खेळला, मग सासरा झाला. आपल्या तमाशातल्या गवळणीत तर गोकुळचा कृष्ण आणि आपली मराठमोळी मावशी रोज हुज्जत घालतात. कृष्णाने कधी रॉयल्टी मागितल्याचं ऐकिवात नाही.

सोनिकचं मात्र मला मनाला लागलं, त्याला कारण आहे. आमची बँक मोठ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा ज्या बँकेच्या ठेवी फोडायला आम्ही घरोघर हिंडलो होतो, तिच्याच काउंटरवर मी जाऊन बसलो. पाटी नवी, फॉर्म नवे, शिक्काही नवा. चार दिवस मीच माझ्याकडे परक्यासारखा बघत होतो. पाचव्या दिवशी जुन्या शाखेचे एक म्हातारे खातेदार धानाचे पैसे भरायला आले. पाटीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुमीच हाव ना? मंग झालं," म्हणाले आणि पिशवी पुढे सरकवली.

सोनिकचंही तेच झालं असणार. घर गेलं, पण धावणं त्याचंच राहिलं. म्हणून पोरांनी त्याला वैऱ्याच्या अंगणातही ओळखलं.

"बाबा, तुम्ही पण खेळा ना." चिरंजीवांनी दुसरा रिमोट हातात दिला. तीनदा आखाड्याबाहेर पडल्यावर मी मारुतीचा मार्ग धरला. शेपटी नव्हती, पाय पसरले आणि पंच म्हणून बसलो.