मावशीचं विमान, काकांचं विमान आणि पुढचं विमान

परवा मावशीला मुंबई विमानतळावर सोडून आलो. तिचा मुलगा अमेरिकेत, डॅलसला. सून बाळंतपणाला आलीय म्हणून ही निघाली. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, इंग्रजीचा आनंदच. सांगलीतून दुपारी निघालो. साताऱ्यात चहा, खंबाटकी, पुणं, एक्स्प्रेस वे असं करत रात्री पोचलो. विमान पहाटेचं. तिथनं आखातातल्या एका शहरात उतरायचं, पाच तास बसायचं, दुसरं विमान पकडायचं. आत जाताना ती म्हणाली, "एवढी विमानं आहेत म्हणतोस, मग आपल्या मुंबईवरनं सरळ का जात नाही रे?"

प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी पाऊणशे वर्षं मागं जावं लागतं.

८ जून १९४८. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं, चार पंख्यांचं, नाव 'मलबार प्रिन्सेस'. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. थांबे हौसेनं घेतलेले नव्हते. तेव्हाच्या विमानाच्या पोटात मावेल तेवढ्या इंधनावर त्याहून लांब जाताच येत नव्हतं. विमान कंपनीचा नकाशा आधी इंजिन ठरवतं, मग माणसं. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

१९६० साली बोइंग ७०७ आलं. हे जेट. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली. माझे थोरले काका १९६९ साली सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन याच जातीच्या विमानानं गेले. (ज्या वालचंद हिराचंदांचं नाव या कॉलेजाला आहे, त्यांनीच १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता. आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.) तिकिटासाठी दीड एकर गहाण पडलं. मिरज स्टेशनवर अर्धी गल्ली हार घेऊन आली होती. मधे दोन-तीन ठिकाणी थांबत विमान लंडनला गेलं आणि तिथनं पुढं न्यूयॉर्कला. पुढं आजोबा गेल्याची तार त्यांना मिळाली, तेव्हा इकडं तिसरा दिवस झाला होता. ते आलेच नाहीत. येऊन उपयोग नव्हता.

१९७१ ला 'एम्परर अशोक' आलं. बोइंग ७४७, म्हणजे आपलं जम्बो. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी, वर जायला जिना. चारशेच्या आसपास माणसं एकदम बसायची, त्यामुळं जगभर तिकिटं उतरली आणि मध्यमवर्गाची पोरं परदेशी जाऊ लागली. पण जम्बोचं दुखणं एसटीसारखं. गाडी मोठी, डिझेल जास्त, भरली तरच परवडणार. म्हणून मग आधी लंडनला सगळ्यांना गोळा करायचं आणि तिथनं पुढं न्यायचं. १ जानेवारी १९७८ ला हेच अशोक वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. एअर इंडियाच्या शेवटच्या जम्बोनं मुंबई सोडली ती २२ एप्रिल २०२४ ला, पंख हलवून निरोप घेत. चार इंजिनांचा जमाना आपल्यापुरता तिथं संपला.

आता मावशीच्या प्रश्नाच्या जवळ येतो.

२००५-०६ मध्ये एअर इंडियानं बोइंगकडं ६८ विमानांची मागणी नोंदवली. त्यात आठ विमानं ७७७-२००एलआर जातीची होती. दोनच इंजिनं, पण पल्ला प्रचंड. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई ते न्यूयॉर्क सलग सुरू झालं. काकांच्या पिढीला जे स्वप्नातही नव्हतं, ते झालं! पण दुसऱ्याच वर्षी कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. सोळा तासांचं उड्डाण म्हणजे बरंचसं इंधन बाकीचं इंधन वाहून न्यायलाच जळतं. खरेदी बहुतेक कर्जावर. 'कॅग'नं २०११ च्या अहवालात या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. शेवटी आठातली पाच विमानं अबू धाबीच्या एतिहादला विकली.

नीट बघा काय झालं. आपण सरळ जायला घेतलेली विमानं आखाताला विकली आणि आपली माणसं आखातातनं वळसा घालून जाऊ लागली. मावशीचे ते पाच तास इथनं आलेत.

पुढं काय? जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडं परत गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांचा सौदा जाहीर झाला. त्यात लांब पल्ल्याची ७०: एअरबस ए३५० चाळीस, बोइंग ७८७-९ वीस आणि नवं ७७७एक्स दहा. पुढं ए३५० आणखी दहा वाढवली. इंडिगोनंही साठ ए३५० मागवलीत. ही सगळी दोन इंजिनांची, हलक्या कार्बन धाग्याचा मोठा वापर केलेली, कमी इंधनात लांब जाणारी.

पण मागणी नोंदवली म्हणजे विमान दारात आलं असं नाही. ७७७एक्स २०२० ला यायचं होतं, ते आता २०२७ वर गेलंय. १२ जून २०२५ ला अहमदाबादला ७८७ कोसळून विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसं गेली, ती जखम अजून ओली आहे. आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केल्यावर अमेरिकेच्या काही उड्डाणांना पुन्हा युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. म्हणजे १९४८ चा थांबा परत आला! फक्त कारण बदललं.

मला आशा वाटते ती वेगळ्याच विमानाकडून. ए३२१ एक्सएलआर. साधं, मधे एकच वाट असलेलं, दोनशेच्या आसपास माणसांचं, पण युरोपापर्यंत जाईल एवढं दमदार. इंडिगोनं ही मागवलीत. आपल्या भाषेत सांगायचं तर जम्बो म्हणजे एसटी आणि हे म्हणजे वडाप. कमी माणसं भरली तरी सुटतं आणि स्टँडवर न उतरवता थेट गावात सोडतं. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, वर हवाई दलाची. भरलेलं मोठं विमान तिथनं युरोपला झेपावत नाही. तरी २००८ पासून काही वर्षं लुफ्थान्झाची लहान विमानं पुणे-फ्रँकफर्ट जातच होती. म्हणजे मापाचं विमान असेल तर जमतं.

आता आपल्याशी याचा काय संबंध? निवडणूक आली की कवलापूरचं विमानतळ आणि कराडची धावपट्टी निघते. कराडच्या विस्ताराला तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि जमीन त्यांची जाणार आहे, तेव्हा त्यांचं ऐकलंच पाहिजे. पण या धावपट्ट्या कितीही वाढवल्या तरी त्यावरनं मावशी अमेरिकेला जाणार नाही. आपला खरा प्रश्न दुसरा आहे. ही नवी विमानं दिल्लीत उभी राहणार की मुंबईत? डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झालीत. एक्स्प्रेस वेनं जाणाऱ्या सातारा-सांगलीकराला ते मुंबईच्या कितीतरी अलीकडं पडतं. तिथनं लांब पल्ल्याचं काय सुटणार, हे आज ठरतंय. विमान पंचवीस वर्षं चालतं. आज चुकलेला निर्णय आपली नातवंडं भोगतील.

आपले खासदार रेल्वेच्या थांब्यासाठी भांडतात, चांगलं आहे. एकदा हाही प्रश्न संसदेत विचारा. कंपनी खासगी आहे, मान्य. पण कुठल्या देशाच्या विमानांना इथनं किती जागा विकायच्या, याचे करार सरकारच करतं.

मावशी पोचली. मधल्या विमानतळावर व्हीलचेअर आलीच नाही. कुणातरी केरळच्या पोरीनं हात धरून नेलं. फोनवर म्हणाली, "नात झाली रे. पण परत येताना तेवढं सरळ बघ."

बघतो म्हणालो. सरळ काही सापडलं नाही अजून.

तुमच्या घरातलं पहिलं माणूस परदेशी कधी गेलं, वाटेत कुठं कुठं उतरलं? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि खाली लिहा.